गणपत गल्लीत बसणाऱ्या कडोलीच्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुमची नात वाचून दाखवेल, म्हणून हे जाहीरच लिहितोय. बाजारात आभार मानायला गेलं की तुम्ही "सर तिकडं, गिऱ्हाईक हाय" म्हणता.

माझ्या पाळीव सरड्याला तुम्ही "तुझी घोरपड" म्हणता, पण तो घोरपड नव्हे. घोरपड मांस खाते, हा पाला खातो. राजस्थान-कच्छच्या वाळवंटात सांडा नावाचा काटेरी शेपटीचा सरडा असतो ना, त्याचा हा परदेशी भाऊबंद, युरोमॅस्टिक्स. आपला सांडा पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हा भाच्याकडून माझ्याकडे आला तो केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीसकट. (तुमच्या पाटीशेजारी उभं राहून "याचं तेल काढतात काय हो?" विचारणाऱ्या गृहस्थांनी हेही वाचावं. तुम्ही त्यांना दिलेलं उत्तर इथे छापता येत नाही.)

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या आहाराची यादी दिली होती. एंडाइव्ह, कोलार्ड, डँडेलियन, सगळा विलायती पाला. ती घेऊन बेळगावच्या बाजारात फिरून बघा एकदा! सोबत त्यांनी नियमही सांगितले होते: बहुतेक सगळं खाणं हिरवा पाला, त्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट, ऑक्झलेट कमी, मोठ्या झालेल्या प्राण्याला किडे नकोत, फळ क्वचितच. तुम्ही यादी बाजूला ठेवलीत आणि नियम तेवढे दोनदा विचारून घेतलेत. मग मेथी, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, बांधावरची तुती असं एकेक पुढे आलं. पालक, चुका, घोळ मागे राहिले, कारण त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि हाडं मऊ पडतात. कोबी अधूनमधून. लाल भोपळ्याचा कीस चवीपुरता. काकडी तुम्ही स्वतःच परत ठेवलीत, "नुसतं पाणी हाय त्यात" म्हणून. मसुरीचं तुम्हाला कौतुक, ते साहजिकच आहे, आपल्या भागातली मसूर ती! पण त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस दोन्ही जास्त, म्हणून चिमूटभरच देतो.

हे सगळं दुसऱ्या कुणी भाजीवाल्याने कदाचित सांगितलंही असतं. पण समोर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवून "ही जुडी नको नेऊस, काल औषध मारलंय" असं कोण सांगतं? एवढ्याशा जीवाला फवारणीचा पाला किती महागात पडला असता, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. त्या दिवशी तुमची विक्री बुडाली आणि उद्या बिनफवारणीची आणते म्हणालात. आणलीत. माझ्या लेखी सगळ्यात मोठं ते.

पावसाळ्याचंही तसंच. आपला पाऊस म्हणजे वाळवंटातल्या प्राण्याला शिक्षाच. पिंजऱ्यात युव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा) आणि एका कोपऱ्यात ५० अंशांच्या आसपास उष्णता लागते, नाहीतर खाल्लेलं पचत नाही. त्यात श्रावणात मेथी भिजून काळी पडते, भाव चढतात ते वेगळंच. तेव्हा तुम्ही तुती आणि शेवगा आणलात, धुऊन, फडक्याने टिपून. पाणी तो फारसं पीतच नाही, पाल्यातलंच घेतो. नाकाशी पांढरं मीठ साचतं ते बघून "याला सर्दी झालीया" म्हणालात, पण तसं नाही. जादा क्षार तो नाकातून बाहेर टाकतो.

आता तो बरा आहे. सकाळी दिव्याखाली अंग तापलं की पाठीवर पिवळा रंग चढतो आणि पहिला घास जास्वंदीच्या फुलाचाच असतो.

मावशी, एक भांडण अजून बाकी आहे. तुती-जास्वंदीचे पैसे तुम्ही घेत नाही, "बांधावरचं हाय, त्याचं काय पैसे" म्हणता. शनिवारी येतोय. या खेपेला पैसे पाटीखाली सरकवून जाणार, मागून हाका मारू नका.

तुमचा,
घोरपडवाला