उमेदवाराच्या चहाचा हिशेब, पक्षाच्या कोटींना मोकळीक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणूक लागली की जिल्हा निवडणूक कार्यालय दरपत्रक काढते. चहाचा कप कितीचा धरायचा, वडापाव कितीचा, खुर्चीचे, मंडपाचे, गाडीचे भाडे किती, सगळे ठरवून दिलेले असते. उमेदवाराने वेगळे बँक खाते उघडायचे, रोजची खर्चवही ठेवायची आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करायचा. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा आहे. ही शिस्त हवीच. पण हा उमेदवार ज्या पक्षाच्या चिन्हावर उभा असतो, त्या पक्षाने किती खर्च करावा याला कायद्यात कोणतीही मर्यादा नाही. नेत्यांची हेलिकॉप्टर, पानभर जाहिराती, मोबाइलवर दिवसरात्र आदळणारा प्रचार, हे सगळे मोकळे आहे.

ही मोकळीक नजरचुकीने राहिलेली नाही. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये स्पष्ट सांगितले होते की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरला पाहिजे. त्याच वर्षी केंद्र सरकारने वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ केला. २००३ मध्ये ही सूट थोडी आवळली गेली, पण मोठ्या नेत्यांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आजही उमेदवाराच्या हिशेबाबाहेरच आहे. तेव्हापासून सत्तेवर कोण आले नाही? सगळे आले. ही पळवाट कोणीही बुजवली नाही.

खर्चाला मर्यादा नाही म्हणून पैसा लागतो, आणि एवढा पैसा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच तो मागावा लागतो. पुढे धोरण ठरवताना कोणाचा फोन आधी उचलला जाईल, हे तिथेच ठरते. हा धोका मुंबई उच्च न्यायालयाने १९५७ मध्येच ओळखला होता. राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या घटनेत, म्हणजे कंपनीची उद्दिष्टे ठरवणाऱ्या दस्तऐवजात, बदल करायचा होता. कायद्यात आडकाठी नव्हती, त्यामुळे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी परवानगी दिली. मात्र कंपन्यांचा पैसा असाच वाहत राहिला तर तो या देशात लोकशाहीचाच गळा घोटेल, असा इशारा त्यांनी दिला आणि संसदेने यात लक्ष घालावे असे सुचवले. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. २०१७ मध्ये तर सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढून टाकली गेली आणि निवडणूक रोखे, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायचे देणगीचे कागद, आले. देणारा कोण हे जनतेला कळणार नाही, अशी ती सोय होती.

सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि साडेसात टक्क्यांची मर्यादाही परत आणली. तोवर १६ हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते. स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती, म्हणजे लोकसभेचा निकाल लागून गेल्यावर. न्यायालयाने ती नाकारली म्हणून मार्चमध्ये नावे बाहेर आली. सर्वात मोठी खरेदीदार निघाली ती लॉटरी व्यवसायातली एक कंपनी, १,३६८ कोटींची. काही कंपन्यांनी तपास यंत्रणांच्या छाप्यांच्या मागेपुढे रोखे घेतल्याचे वृत्तपत्रांनी तारखा जुळवून दाखवले.

रोखे गेले, आता प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. कंपन्यांचा बराचसा पैसा आता निवडणूक न्यासांमार्फत, म्हणजे देणग्या गोळा करून वाटणाऱ्या संस्थांमार्फत, पक्षांकडे जातो. न्यासाला कोणी दिले आणि न्यासाने कोणाला दिले, या दोन्ही याद्या मिळतात. पण पैसे न्यासात एकत्र झाल्यावर कोणाचा रुपया कोणाकडे गेला हे कळत नाही. शिवाय सगळे कळते ते फार उशिरा. एप्रिल २०२४ मध्ये, ऐन प्रचारात दिलेली देणगी २०२४-२५ या वर्षात धरली जाते आणि तिचा अहवाल २०२५ च्या उत्तरार्धात येतो. तोवर लोकसभा होऊन गेलेली असते आणि आपल्याकडची विधानसभाही. मत देऊन झाल्यावर मिळालेल्या या माहितीचा मतदाराला काय उपयोग?

हे दिल्लीपुरते आहे असेही नाही. आमच्या प्रभागात बचत गट चालवणारी एक बाई आहे. पाण्याच्या तक्रारी घेऊन नगरपालिकेत खेटे घालणारी, कोणत्या गल्लीत जलवाहिनी कुठे फुटते हे तोंडपाठ असणारी. एका पक्षाने इच्छुकांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा ती गेली. तिला पहिला प्रश्न विचारला गेला तो, ‘‘ताई, खर्च किती करू शकाल?’’ तिकीट जमीन-बांधकामाच्या धंद्यातल्या माणसाला मिळाले. तो निवडूनही आला. पुढे बागेसाठी राखीव असलेल्या भूखंडाचे आरक्षण उठवण्याचा विषय सभेपुढे आला, तेव्हा विरोधात बोलायला त्या सभागृहात आमच्या प्रभागातून कोणी नव्हते. ती बाई तिथे असती तर बोलली असती, याची मला खात्री आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पक्षांच्या निवडणूक खर्चाला कायद्याने मर्यादा घाला, आणि आचारसंहिता लागल्यापासून मतदानापर्यंत आलेली प्रत्येक मोठी देणगी, देणाऱ्याच्या नावासह, आठवड्याच्या आत जाहीर करणे बंधनकारक करा. बँकेतून पैसे क्षणात जातात, मग नाव कळायला वर्ष-दीड वर्ष का लागावे?

आपल्याकडेही एक विनंती आहे. देणगीदारांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या की आपण पहिले दहा आकडे छापता. त्यापुढे जाऊन, त्या यादीतल्या कोणत्या कंपनीला आपल्या राज्यात कोणते सरकारी कंत्राट, कोणता भूखंड, कोणती सवलत मिळाली, हे शेजारच्या रकान्यात द्यावे. निविदा आणि शासन निर्णय संकेतस्थळांवर असतात, पण ते जुळवून पाहणे माझ्यासारख्या एकट्या वाचकाच्या आवाक्यातले नाही. आपल्या वार्ताहरांनी ते केले, तर पुढच्या निवडणुकीत दारावर येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्यापुढे आम्ही ते पान ठेवू.

आपली नियमित वाचक,
सातारा