उंदरांच्या बंदोबस्ताची पहिली जबाबदारी मालकाचीच

संपादक महोदय,

शहरात उंदरांचा उपद्रव वाढला की पालिकेने विषाच्या गोळ्या टाकाव्यात, अशी मागणी सर्वप्रथम होते. सार्वजनिक गटारांची निगा आणि कचरा उचलणे ही पालिकेची कामे आहेत आणि त्यांत कुचराई झाली तर जाब विचारलाच पाहिजे. परंतु उंदीर जिथे राहतो, खातो आणि वितो ती जागा बहुतेक वेळा कोणाच्या तरी खासगी मालकीची असते आणि तिथली भिंत फोडून दुरुस्त करण्याचा किंवा फुटलेला पाइप बदलण्याचा अधिकार मालकालाच असतो. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्याकडेच जबाबदारीही असली पाहिजे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

केवळ विषावर विसंबून हा प्रश्न का सुटत नाही, हे उंदराच्या जीवनक्रमावरून कळते. मादीचा गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा असतो, एका वेताला सहा ते बारा पिल्ले होऊ शकतात आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांतच प्रजननक्षम होतात. १९४० च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरी उंदरांचा बारकाईने अभ्यास केला. नुसते उंदीर मारले तर त्यांची संख्या काही काळाने पूर्वपदावर येते. अन्न आणि आसरा कमी केला तरच ती टिकाऊपणे घटते, असे त्यांना आढळले. शिवाय रक्त गोठू न देणाऱ्या विषाने उंदीर मरायला काही दिवस लागतात. तोपर्यंत तो भिंतीच्या पोकळीत जाऊन मरतो आणि कुजतो, किंवा घुबड आणि मांजर यांच्या तोंडी लागून त्यांनाही विषबाधा करतो. विषाचा उपयोगच नाही असे मी म्हणत नाही, पण दुरुस्तीविना टाकलेले विष म्हणजे वरवरची मलमपट्टी आहे.

खरे काम बांधकामाचे आहे आणि ते कंटाळवाणे असल्यामुळेच टाळले जाते. साधारण १२ मिलिमीटरच्या फटीतून मोठ्या जातीचा उंदीर, तर ६ मिलिमीटरच्या फटीतून घरातला छोटा उंदीर आत शिरू शकतो. दाराखालची फट, भिंतीतून पाइप जातो तिथली मोकळी जागा, पोटमाळ्याच्या झरोक्याची फाटलेली जाळी आणि वायरींसाठी पाडून तशीच सोडलेली भोके, ही सर्व वर्षातून एकदा तरी तपासली पाहिजेत. फोम किंवा लाकडाचा तुकडा कोंबून उपयोग होत नाही, कारण उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि तो कुरतडायचे थांबत नाही. तिथे तारेची जाळी आणि सिमेंटच हवे. त्याहूनही दुर्लक्षित जागा म्हणजे जमिनीखालची सांडपाण्याची वाहिनी. तिचा सांधा निखळला किंवा चेंबरचे झाकण तुटले की उंदीर मातीत शिरून जोत्याखाली बिळे करतात. अशा वेळी वर कितीही पिंजरे लावले तरी खालून येणारी रीघ थांबत नाही. आवारातले बीळ वापरात आहे की नाही, हे कळायला तोंडाशी कागदाचा बोळा सैलसर कोंबून दुसऱ्या दिवशी पाहणे पुरेसे असते. एवढी साधी तपासणीही किती मालक करतात?

भाडेकरूंवर दोष ढकलण्याची प्रवृत्ती मला विशेष अन्यायकारक वाटते. कचरा झाकून ठेवणे, अन्न उघडे न टाकणे आणि उंदीर दिसताच कळवणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहेच. पण कचऱ्यासाठी घट्ट झाकणाचे पुरेसे डबे देणे, गळके नळ दुरुस्त करणे आणि सामाईक जिन्याखालची अडगळ हटवणे त्याच्या हाती नसते. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि कुरतडलेल्या वायरींमुळे आग लागू शकते. हे धोके मात्र तिथे राहणाऱ्यालाच सोसावे लागतात.

रिकाम्या इमारती आणि राडारोडा साचलेले भूखंड यांचे मालक तर बहुधा नजरेआडच असतात. जुनी इमारत पाडण्याआधी तिथल्या उंदरांचा बंदोबस्त केला नाही, तर पाडकाम सुरू होताच ते शेजारच्या घरांत पांगतात. म्हणून पाडकामाच्या परवानगीलाच ही अट जोडलेली असावी.

ब्रिटनमध्ये १९४९ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाला जागेचा मालक आणि ती प्रत्यक्ष वापरणारा यांना स्वतंत्र नोटीस देण्याचा, त्यात बांधकामाची दुरुस्ती करायला सांगण्याचा, आणि मुदतीत ती न झाल्यास स्वतः करून खर्च वसूल करण्याचा अधिकार दिला आहे. अशी तरतूद प्रत्येक शहरात असावी आणि ती अमलात यावी. तिची अंमलबजावणी मात्र एकेका घरापुरती न ठेवता संपूर्ण गल्लीत एकाच वेळी व्हावी, कारण एका मालकाने भोके बुजवली आणि शेजाऱ्याने बुजवली नाहीत, तर उंदीर फक्त कुंपण ओलांडतात. ज्या छोट्या मालकांना वाहिनी बदलण्याचा खर्च खरोखरच परवडत नाही, त्यांना तो हप्त्यांनी फेडण्याची सोय द्यावी. परंतु ऐपत असूनही भाडे वसूल करत राहणाऱ्या आणि दुरुस्ती टाळणाऱ्या मालकाला दंड झालाच पाहिजे.

आपला विश्वासू,
एक वाचक