स्टुडिओ का नको, ते सांगते

पिट्सबर्ग, रविवार

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही दर फोनला विचारता, "स्टुडिओचं काय झालं?" मी काही बोलायच्या आत आई जेवणाचं विचारते आणि ते उत्तर राहूनच जातं. म्हणून आज नीट लिहायला बसले. मी स्टुडिओ टाकणार नाही. पैशांची अडचण नाही, कामही बरं चाललंय. पण ज्या माणसाने काढलेले फोटो बघत बघत मी पोर्ट्रेट, म्हणजे माणसांचे फोटो काढणं, शिकले, त्याने उभ्या आयुष्यात स्टुडिओ टाकला नाही. त्याच्याबद्दल तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

त्याचं नाव ड्वेन मायकल्स. जन्म 1932 चा, गाव मॅकीस्पोर्ट. इथून मनोंगहेला नदीच्या काठाने वर गेलं की लागतं. सगळा पोलादाचा मुलूख. वडील पोलाद कारखान्यात कामाला. आई एका श्रीमंत घरी राहून घरकाम करायची, आणि त्या घरच्या मुलाचं नाव तिने आपल्या मुलाला ठेवलं. बाबा, भिलईतली तुमची सगळी नोकरी रोलिंग मिलमध्ये गेली, त्यामुळे हे वाचताना तुम्हाला ते घर दिसेल. मला तरी आपलं सेक्टरमधलं क्वार्टर दिसलं.

हा मुलगा पुढे न्यूयॉर्कला मासिकांची मांडणी करायचं काम करू लागला. 1958 मध्ये सोव्हिएत रशिया बघायला गेला, तो दुसऱ्याचा कॅमेरा मागून घेऊन. साधा आर्गस सी-थ्री. रशियन भाषेतलं एकच वाक्य पाठ केलं होतं, "तुमचा फोटो काढू का?" खलाशी, पोरं, बायका, जो भेटेल त्याला विचारायचं. माणसं आहेत तिथेच उभी राहायची, सरळ कॅमेऱ्याकडे बघायची, आणि मायकल्स जो उजेड असेल त्यात फोटो काढायचा. फोटोग्राफीचं रीतसर शिक्षण काहीच नव्हतं. त्याच फोटोंचं 1963 मध्ये न्यूयॉर्कला पहिलं प्रदर्शन लागलं, आणि 1970 मध्ये तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं.

त्याच 1958 मध्ये त्याने अँडी वॉरहॉल या चित्रकाराचे फोटो काढले. आई, मागच्या वेळी आलीस तेव्हा सूपच्या डब्यांची चित्रं बघून "हे कुणीही काढेल" म्हणालीस ना, तोच वॉरहॉल. पण तेव्हा डबे यायला अजून चार वर्षं होती. तेव्हा तो बुटांच्या जाहिरातींसाठी चित्रं काढायचा. तोही पिट्सबर्गचाच. दोघंही लहानपणी इथल्या कार्नेगी संस्थेत शनिवारी चित्रकला शिकायला जात, वॉरहॉल वयाने थोडा मोठा. त्यातल्या एका फोटोत वॉरहॉलने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलंय. पोर्ट्रेट म्हणायचं आणि चेहराच नाही! मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ तिथून हलले नव्हते. पुढे साऱ्या जगाला चेहरे विकणारा माणूस स्वतःचा चेहरा कसा लपवतो, ते या फोटोत आधीच येऊन गेलंय. नंतर सत्तरीच्या दशकात मायकल्सने पुन्हा त्याचा फोटो काढला, तेव्हा त्याला मान हलवायला लावली आणि एकामागून एक फ्रेममध्ये चेहरा पुसट होत जाऊ दिला.

वॉरहॉलसारख्या पॉप आर्टवाल्यांचं, म्हणजे जाहिराती-सिनेमातली चित्रं उचलून कला करणाऱ्यांचं, पोर्ट्रेट वेगळंच. 1962 मध्ये मेरिलिन मन्रो गेली. वॉरहॉलने तिच्या सिनेमाच्या प्रसिद्धीचा एक जुना फोटो घेतला आणि त्यावर रंग चढवून तोच चेहरा पुन्हा पुन्हा छापला. 1963 मध्ये एथेल स्कल नावाच्या श्रीमंत बाईचं चित्र करायचं होतं, तर तिला टाइम्स स्क्वेअरच्या नाणं टाकून फोटो काढायच्या खोक्यात बसवलं. पुढे वॉरहॉल पोलरॉइडवर, म्हणजे लगेच छापील फोटो देणाऱ्या कॅमेऱ्यावर, फोटो काढून त्यावरून छापलेल्या पहिल्या कॅनव्हासचे पंचवीस हजार डॉलर घ्यायचा. त्याच्या चंदेरी फॅक्टरीत, म्हणजे त्याच्या कामाच्या जागेत, बिली नेम म्हणून एकजण होता. भिंतींना चंदेरी कागद त्यानेच लावला, आणि वॉरहॉलने हातात दिलेला कॅमेरा स्वतःच शिकून तिथल्या माणसांचे फोटो काढले. ते मला फार आवडतात. पण वॉरहॉलच्या त्या चकचकीत चेहऱ्यांना मागे घर नाही, खिडकी नाही, खुर्ची नाही. मला ती खुर्ची हवी असते. मायकल्स 1965 मध्ये ब्रसेल्सला चित्रकार माग्रितच्या घरी गेला. ते फोटो बघितलेत तर तुम्हाला कळेल मी काय म्हणते. माग्रितच्या चित्रांत साध्या वस्तू स्वप्नातल्यासारख्या विचित्र दिसतात, तसलंच काहीतरी त्याच्या राहत्या घरात दुहेरी एक्सपोजर देऊन, म्हणजे एकाच फिल्मवर दोनदा फोटो घेऊन, घडवलंय. हे स्टुडिओत पांढऱ्या पडद्यापुढे बसवून झालंच नसतं. म्हणून मी माणसांच्या घरी जाते. कुणाचं गॅरेज, कुणाचं देवघर.

पोटापाण्याचं म्हणाल, तर तो कायम मासिकांची कामं करत राहिला. व्होग, एस्क्वायर. 1968 च्या ऑलिंपिकसाठी मेक्सिको सरकारने त्याला बोलावलं होतं. त्या पैशांवर घर चालायचं आणि स्वतःचं काम कुणाच्या परवानगीशिवाय व्हायचं. कॉलेजांच्या पुस्तिका आणि कंपन्यांचे वार्षिक अहवाल मी का सोडत नाही, ते यावरून समजून घ्या.

आई, आता तुझ्यासाठी. मायकल्सने वॉरहॉलचा त्याच्या आईबरोबरचा फोटोही काढलाय. तिचं नाव यूलिया. आताच्या स्लोव्हाकियातल्या एका खेड्यातून आलेली. पन्नाशीच्या दशकात लेकाकडे न्यूयॉर्कला राहायला आली ती जवळजवळ वीस वर्षं राहिली. तिचं अक्षर वळणदार होतं. वॉरहॉल आपल्या चित्रांवरचा मजकूर तिच्याकडून लिहून घ्यायचा, आणि तिच्या स्पेलिंगच्या चुका तशाच ठेवायचा. एका रेकॉर्डच्या कव्हरवरच्या अक्षरांसाठी तिला पुरस्कार मिळाला, तोही "अँडी वॉरहॉलची आई" याच नावाने. तिचं स्वतःचं नाव घातलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला अजून वाटतं.

मायकल्सही फोटोंवर हाताने लिहू लागला. त्यातला एक तुम्हाला सांगायलाच हवा. 1960 मध्ये काढलेला फोटो, त्यात त्याचा भाऊ, वडील आणि आई. पंधरा वर्षांनी त्याखाली त्याने लिहिलं, की वडील म्हणायचे, एक दिवस तुला एक खास पत्र लिहीन. मुलगा वाट बघत राहिला, त्यात काय असेल याचे अंदाज बांधत राहिला. वडील गेले. पत्र आलंच नाही.

बाबा, तुम्ही फोनवर "बरं आहे, आईला देतो" म्हणता. रागावून लिहीत नाहीये. तुमचं असंच आहे हे मला माहीत आहे, आणि त्या "बरं आहे" मध्ये काय काय असतं तेही थोडंफार कळतं. पण मला ते तुमच्या अक्षरात हवंय. नोकरीत लॉगबुक भरायचात तसलंच, बारीक आणि सरळ.

सोबतच्या पाकिटात दिवाळीत काढलेल्या फोटोंच्या दोन प्रिंट आहेत. एकात तुम्ही गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत आहात, एकात आई शेगडीपाशी. प्रत्येकीखाली चार बोटं कोरी जागा सोडलीय. तिथे लिहा. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. कागद मॅट आहे, बॉलपेन दाबून लिहू नका, मागे उमटतं. शाईचं पेन घ्या आणि वाळेपर्यंत हात लावू नका. आई, ऱ्हस्व-दीर्घ बाबांकडून तपासून घेऊ नकोस, आहे तसंच राहू दे.

लिहून झालं की दादाकडे द्या. तो पुढच्या महिन्यात येतोय, पुठ्ठ्यात घालून आणेल.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, बीपीच्या गोळ्या संपायच्या आत आणून ठेवा.