मागच्या सीटवर नंदू

नाशिक,
रविवार, रात्री साडेअकरा

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

एकाच गावात, गंगापूर रोडवरून जेल रोडला पत्र पाठवतेय म्हणजे नक्की काहीतरी झालंय, असं आईला वाटलं असणार. काही झालेलं नाही, सगळे ठीक आहेत. संक्रांतीला आले होते तेव्हाच सांगणार होते. पण आई गुळाच्या पोळ्या लाटत होती, बाबांचं बीपी वाढलेलं, आणि नंदू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून 'आज नको' अशी मान हलवत होता. कागदावर निदान मला मध्येच कुणी थांबवत नाही.

तर, येत्या शनिवारी मी आणि नंदू, आम्ही दोघं भावंडं, कोकणात चाललोय. सायकलवरून. पैसे भरलेत, त्याची बँकेतली रजाही मंजूर झालीय. पैसे त्याने स्वतःच्या पगारातून भरले. मी अर्धे देते म्हटलं तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आई, पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच.

सायकल साधी नाही, टँडेम आहे. दोन सीट, दोन हँडल, चार पेडल. पुढे मी, मागे तो. ब्रेक, गिअर, वळणं सगळं माझ्याकडे. दोघांचे पेडल चेनने एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरतातच, आणि थांबायचं तर दोघांनी एकदम. मी सारखी बोलत असते, "खड्डा", "गतिरोधक", "चढ आला, दम लाव". नंदू म्हणतो, लग्नाआधीही तू एवढीच बोलायचीस, फक्त आता कामाचं बोलतेस.

रविवारी तो माझ्याकडे जेवायला येतो असं गेले चार महिने तुम्हाला सांगत होता, ते अर्धंच खरं होतं. पहाटे साडेपाचला आम्ही गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागायचो आणि परत आल्यावर जेवायचो. गेल्या महिन्यात त्र्यंबकेश्वरलाही जाऊन आलो. आनंदवल्लीजवळ एकदा पडलोसुद्धा, वाळूवर. त्याच्या कोपराचं खरचटणं बाथरूममधलं नव्हतं. आता सांगून टाकलं, बरं वाटलं. फार लागलं नव्हतं, आणि हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर होतं.

सोमेश्वरच्या उताराबद्दल मी काही लिहिणार नाही. संध्याकाळ होती आणि "चल रे, काही होत नाही" म्हणणारी मी होते, एवढंच. डोळ्यांच्या पडद्याच्या त्याच्या आजारात आधी रात्रीचं दिसणं जातं आणि मग कडेकडेचं, हे तेव्हा आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. बाबा, दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याची सायकल भंगारवाल्याला दिलीत, त्याचा मला कधी राग आला नाही. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. पण 2015 साली आपल्या नाशिकचे महाजन बंधू सायकलवरून अमेरिका ओलांडून आले, तेव्हा त्याचं कात्रण कपाटाच्या दाराला आतून कुणी चिकटवलं? आणि ते नंदूला दोनदा वाचून कुणी दाखवलं? ते अजून तिथेच आहे. दिवाळीच्या साफसफाईत आईनेही काढलं नाही.

आता तुम्हाला हवे असतील ते तपशील. आम्ही चौदा जण आहोत. एक जण पोलिओमुळे हाताने फिरवायच्या तीनचाकीवर आहे, एक सदुसष्ट वर्षांच्या निवृत्त बाई बॅटरीच्या सायकलवर, बाकीचे आमच्यासारखे. ज्याचा वेग सगळ्यात कमी, तो सगळ्यात पुढे, आणि त्याला ओलांडून जायचं नाही असा नियम आहे. मागे पिकअप असते. कुणी दमलं तर सायकल वर टाकायची आणि गाडीत बसायचं, त्यात लाज नाही. सहा दिवसांत साधारण दोनशे किलोमीटर. यापेक्षा जास्त तर बाबा तुम्ही प्रेसला पहिल्या पाळीला सायकलने जायचात तेव्हा महिन्याला करत होतात.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरायचं, मग अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. पुढे आगरदांड्याहून सायकलींसकट फेरीबोटीने दिघीला, तिथून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला आणखी एक फेरीबोट, पलीकडे वेश्वी, आणि केळशी-आंजर्ल्यावरून हर्णैला शेवट. सगळा सपाट रस्ता आहे असं खोटं सांगणार नाही. कोकणात खाडी ओलांडली की डोंगर चढावा लागतो आणि उतरलं की पुढची खाडी. टँडेम चढावर म्हशीसारखी चालते आणि उतारावर दोघांच्या वजनाने सुसाट सुटते. म्हणून मोठे उतार आम्ही थांबत, ब्रेक गार करत उतरणार, आणि फारच तीव्र असेल तिथे सरळ ढकलत. दिवेआगर ते श्रीवर्धन मात्र शेखाडीवरून समुद्राच्या अगदी कडेकडेने रस्ता जातो. नंदू त्या एका दिवसासाठी चाललाय.

"पण त्याला दिसणार काय तिथे?" आई, हे तू म्हणणारच. मीही म्हटलं होतं, वाईट वाटून घेऊ नकोस. त्याने मला सुनावलं. सुरूच्या बनातून वारा गेला की समुद्र नसतानाही समुद्र ऐकू येतो, हे त्याला कॉलेजच्या सहलीपासून आठवतं. सुपारीच्या वाडीजवळ हवा एकदम गार होते. वाळत घातलेल्या सुकटीचा वास आला की गाव आलं. फेरीबोटीची लोखंडी फळी धक्क्यावर आपटते तो आवाज. गंगापूरच्या रस्त्यावर द्राक्षबागेत फवारणी चालू आहे हे माझ्याआधी त्यालाच कळायचं, तेव्हा मी गप्प बसले. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा, त्यांनाही दिसत नाही, ते टँडेमवरून मनालीहून लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीपर्यंत गेलेत. त्यापुढे श्रीवर्धन म्हणजे काय!

खाण्याचं बघितलंय. राहायला घरगुती खोल्या आहेत, गरम पाणी मिळतं, सकाळी पोहे नाहीतर घावन. तिकडे जानेवारीतही घाम येतो, म्हणून मीठ-साखरेचं पाणी आणि शहाळी. नंदू हर्णैला मासे खाणार आहे, हे आई तुला आत्ताच सांगून ठेवते, नंतर घर डोक्यावर घेऊ नकोस. त्याच्या पायाला रात्री मी तेल लावीन. लहानपणी तू दोघांना एका चादरीत घालून लावायचीस, तो मुद्दाम झोपेचं सोंग घ्यायचा आणि मी उठून बसायचे, तसंच.

खरी काळजी मला त्याची नाही, तुमची आहे. दूध, दळण, गॅसचा नंबर लावणं, बाबांच्या गोळ्या, हे सगळं तोच करतो. त्याने बाटल्यांना रबरबँड लावून ठेवलेत, सकाळच्या गोळीला एक, रात्रीच्या गोळीला दोन. ते काढू नका. बाबा, 'एक दिवस नाही घेतली तर काय होतं' हे चालणार नाही. आमचा ईशान सहाही रात्री तुमच्याकडे झोपायला येईल, त्याला अभ्यासाला बसवा आणि मोबाइल नऊला काढून घ्या. आई, गुडघा दुखत असताना माळ्यावर चढायचं नाही, शिडी मी शुक्रवारी शेजारी देऊन टाकणार आहे. दूधवाल्याला सांगून झालंय, तो वर आणून देईल. रोज रात्री आठला फोन करू. आठ वाजून पाच मिनिटांनी रडायला लागू नकोस, खाडीत रेंज नसते. आणि देवाला काही बोललीस तर मला सांग, परत आल्यावर फेडायला मीच लागते.

तिळाचे लाडू उरलेत ना? दहाएक दे. डिंकाचे नकोत, तिकडे उष्ण पडतील. नंदूचा तो जुना निळा टॉवेलही.

तो तुम्हाला विचारणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी जाईल, आता छत्तीसचा आहे, पण मग सहा दिवस मागच्या सीटवर गप्प बसेल. गप्प नंदूला घेऊन मला सायकल चालवता येत नाही. पत्र वाचून झालं की त्याला हाक मारा, तो आतल्या खोलीत असेल, झोपलेला नसेल.

शनिवारी पहाटे साडेपाचला पिकअप आपल्या दारावरून नेतेय. सायकल मागे बांधलेली असेल. बाबा, कामाला निघताना तुम्ही अंगठ्याने दोन्ही चाकं दाबून बघायचात. मागच्या चाकात हवा जरा कमी वाटतेय मला. खाली याल?

तुमची,
सुमी

ता. क. स्वेटर घालून या, थंडी आहे.