इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला नुसती पायरी समजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तंत्रनिकेतनाच्या सहाव्या सत्राचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा: अभियांत्रिकी पदवीच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश कुठे मिळेल? ज्याला पुढे शिकायचे आहे त्याने जरूर शिकावे. पण इलेक्ट्रॉनिक्स किंवा ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार) पदविकेवर आज कोणते काम मिळते, हे मुलांना कोणी नीट सांगतच नाही. मग मुलगा कंत्राटदारामार्फत कुठेतरी चिकटतो आणि वर्षभर खोकी भरत बसतो.

खरा वाव आहे तो कारखान्यांच्या मेंटेनन्समध्ये. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठेही जा. यंत्रांवर पीएलसी (यंत्र चालवणारा औद्योगिक संगणक), व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारी ड्राइव्ह) आणि सेन्सर आहेतच. तिथे दोष शोधण्याची पद्धत लागते. साधे 4 ते 20 मिलिअँपिअरचे लूप घ्या, म्हणजे मोजलेले माप विद्युतप्रवाहाच्या रूपात पीएलसीला पोचवणारी दोन वायरींची जोडणी. 0 ते 10 बारचा प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजून तसा प्रवाह देणारे उपकरण) 5 बारला 12 मिलिअँपिअर देतो. मीटरवर 0 आला तर वायर तुटली आहे, फ्यूज गेला आहे किंवा 24 व्होल्टचा पुरवठाच नाही. 12 बरोबर येत असून स्क्रीनवर आकडा चुकत असेल, तर ट्रान्समीटरला हात लावू नये, आधी पीएलसीतले स्केलिंग, म्हणजे प्रवाहाचे दाबात रूपांतर करणारे गणित, बघावे. पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरले की दोन वायरींमध्ये गळती होते आणि दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. अशा वेळी चांगला ट्रान्समीटर बदलला जातो आणि दोष तसाच राहतो. नवखा मुलगा हमखास करतो ती चूक वेगळीच: मीटर मिलिअँपिअरवर ठेवून तो सिरीजऐवजी थेट 24 व्होल्टच्या दोन टोकांना लावतो. मीटरचा आतला फ्यूज उडतो आणि मग प्रत्येक लूप त्याला तुटलेलेच दिसते.

व्हीएफडीचे काम करणाऱ्याने एक गोष्ट जिवाच्या भीतीने लक्षात ठेवावी. 415 व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बस (आतला एकदिश विजेचा भाग) साधारण 585 व्होल्टची असते आणि मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेलेच असतात. ड्राइव्हवर छापलेला वेळ थांबायचे, मग मीटरने मोजायचे, मगच झाकण उघडून हात घालायचा.

विजेवरच्या गाड्यांच्या सर्व्हिसिंगमध्येही हीच मुले हवी आहेत. पुरवठा बंद करून कॅन बसच्या (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी जोडणाऱ्या संदेशवाहिनीच्या) दोन वायरींमध्ये 60 ओहम यायला हवेत, कारण दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर असतात. 120 आले तर एक टोक सुटले आहे. एवढे जाणणारा मुलगा कंट्रोलर उगाच बदलत नाही.

रुग्णालयांतल्या उपकरणांची देखभाल, सौर इन्व्हर्टर, ऑप्टिकल फायबर ही क्षेत्रेही आहेत. सरकारी बाजूला रेल्वेच्या सिग्नल व दूरसंचार विभागातील कनिष्ठ अभियंता, डीआरडीओतील वरिष्ठ तांत्रिक सहायक आणि इस्रोतील तांत्रिक सहायक ही पदे पदविकेवर भरली जातात. इस्रोला प्रथम श्रेणी लागते. जाहिरातीतले शाखेचे नाव मात्र अक्षरन् अक्षर वाचावे. ‘इलेक्ट्रिकल’च्या जागेला इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने अर्ज केला, तर फी भरूनही तो छाननीतच बाद होऊ शकतो.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते शिकाऊ उमेदवारीबाबत. नॅट्सच्या (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या) पोर्टलवर नोंदणी करून पदविकाधारकाला एक वर्षाचे प्रशिक्षण घेता येते. 2019 च्या नियमांनी त्याचे किमान विद्यावेतन दरमहा 8000 रुपये ठरवले. पण एक वर्ष किंवा जास्त नोकरीचा अनुभव असलेल्याला ही संधी मिळत नाही. म्हणजे आधी कंत्राटी काम धरले की हे दार बंद. आणि प्रशिक्षण मिळाल्यावरही काही ठिकाणी मुलांना असेंब्ली लाइनवर हमालासारखे राबवतात. रुजू होण्यापूर्वी विभाग कोणता ते विचारावे आणि रोजच्या कामाची वही ठेवून तिच्यावर पर्यवेक्षकाची सही घ्यावी.

तंत्रशिक्षण मंडळाला आमची एक मागणी आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत चालू सर्किट जोडून दाखवण्याऐवजी बिघडलेले सर्किट द्यावे आणि दोष शोधायला 1 तास द्यावा. आसपासच्या कारखान्यांच्या भंगारात असे बोर्ड ढिगाने पडलेले असतात. तंत्रनिकेतनांनी मागितले तर मिळतील.

– इलेक्ट्रॉनिक्स देखभाल क्षेत्रातील काही पदविकाधारक, भोसरी, पुणे