सायकल सजवा, पण फ्रेमला भोक पाडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषय : मोटार बसवलेल्या जुन्या वळणाच्या सायकली आणि त्यांवरचे हातकाम

सांगली-मिरजेच्या रस्त्यांवर हल्ली एक नवी हौस दिसते. गाडी मुळात सायकलच. पण दांडीखाली डौलदार टाकी, मागे वळलेले रुंद हँडल, चामड्याचे सीट, पितळी दिवा आणि चाकात मोटार. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत लाकडी फळ्यांच्या ट्रॅकवर ज्या मोटारसायकली पळत, त्यांचा हा नखरा आहे. हौसेला आमची हरकत नाही, उलट कौतुकच आहे. खटकते ते एवढेच, की या हौसेपायी चांगल्या फ्रेमना भोके पडतात, वेल्डिंगचे टाके बसतात, आणि मग सजावटीचे सामान बाहेरून मागवलेले प्लॅस्टिकचे असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्या वाडीच्या जिल्ह्यात तरी हे काम हाताने आणि नीट व्हावे.

पहिली गोष्ट, आजोबांची काळी सायकल या कामाला घेऊ नये. कारण भावनेचे नाही, मापाचे आहे. जुन्या २८ इंची सायकलीच्या पुढच्या रीमला ३२ आणि मागच्या रीमला ४० भोके असतात. बाजारातल्या बहुतेक हब मोटारींना, म्हणजे चाकाच्या मध्यात बसणाऱ्या मोटारींना, ३६. म्हणजे जुनी रीम तशीही बाद. ती रीम बाजूने गोलसर असते, त्यामुळे रीमच्या दोन्ही बाजू चिमटीत धरणारे व्ही-ब्रेक तिला बसत नाहीत. सळईचे ब्रेक रबर वर ओढून रीमच्या आतल्या बाजूला घासतात आणि पावसात लोखंडी रीमवर ते रबर नुसते सरकते. शिवाय मागच्या चाकाची जागा ११५ ते १२० मिमी, तर मागच्या मोटारीला १३५ मिमी लागते. ताणून बसवली की चाक तिरके पळते. म्हणून साधी लोखंडी फ्रेम, २६ इंची ३६ भोकांची अ‍ॅल्युमिनियम रीम, दोन्हीकडे व्ही-ब्रेक आणि दाबताच मोटार बंद करणारे ब्रेकचे लिव्हर एवढे आधी जमवावे. जुने वळण या सांगाड्यावर चढवता येते. आजोबांची सायकल तेल-पाणी करून आहे तशी चालवावी.

मोटार विजेची घ्यावी, हेही स्पष्ट सांगायला हवे. ४८ किंवा ६६ सीसीचे पेट्रोल इंजिन सायकलला लावून देणारे संच मिळतात आणि त्यांचा आवाज पोरांना भुरळ घालतो. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) नुसार चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीला २५ सीसीपर्यंतच सूट आहे. त्यापुढे ते मोटार वाहन ठरते आणि घरी जोडलेल्या गाडीची नोंदणी होत नाही. विजेच्या सायकलीसाठी नियम वेगळा आहे: मोटारीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, ताशी २५ किमीला किंवा पायडल थांबताच मोटार बंद, आणि हे सारे चाचणी संस्थेने तपासलेले हवे. म्हणून संच घेताना प्रमाणपत्र मागावे. सांगलीच्या सपाटीला एवढी ताकद पुरते. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढायचा तर पायडल मारावेच लागेल; नुसत्या मोटारीवर रेटली तर ती तापते आणि आतली प्लॅस्टिकची गिअरे झिजतात.

आता टाकी. गाडीचे सारे रूप तिच्यात असते आणि सगळ्यात जास्त चुकाही तिच्यातच होतात. ही टाकी पेट्रोलची नव्हे, बॅटरी ठेवायची पेटी आहे हे ध्यानात ठेवले की बरेच सोपे होते. ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची बॅटरी ४० सेलची असेल तर साधारण २०० बाय ८० बाय ७५ मिमीचा ठोकळा होतो. त्याला चारी बाजूंनी ५ मिमी स्पंज धरला तर टाकीची आतली रुंदी ९० मिमी पुरते. बाहेरून १०० मिमीच्या वर जाऊ नये. गेली की पायडल मारताना गुडघे घासतात आणि माणूस पाय फेंगडे करून सायकल चालवतो. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून फ्रेममध्ये बसवून पाहावा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवावे, ब्रेकची केबल कुठे अडते ते बघावे. मगच पत्र्याला कात्री लावावी.

पत्रा २४ गेजचा पुरे. २० गेजचा जास्त जाड, मजबूत म्हणून घेतात, पण तो हाताने गोलाईत वळत नाही आणि वजन विनाकारण वाढते. दोन बाजू आणि मधली एक पट्टी असे तीन भाग करावेत, जोडाला ६ मिमी पत्रा पत्र्यावर चढवावा. वरच्या झाकणाच्या कडेत २ मिमीची तार भरून कड वळवावी. त्यासाठी तारेच्या जाडीच्या अडीचपट, म्हणजे ५ मिमी, पत्रा जादा धरावा. तार भरलेली कड हाताला कापत नाही आणि झाकण लचकत नाही. डाग देण्याआधी, म्हणजे सोल्डर करण्याआधी, दोन्ही कडांना कथील चढवून घ्यावे, मग कडा जोडून वरून ताप द्यावा. रेडिओ दुरुस्तीची २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री इथे चालत नाही. पत्रा ताप पिऊन टाकतो, कथील वरच्या वर गोळा होते आणि जोड दिसायला धरलेला, आतून सुटा राहतो. पत्रेवाल्याकडची तांब्याच्या जड डोक्याची, भट्टीत तापवलेली लागते. जस्त टाकून मारलेले तेजाब वापरले असेल तर काम झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावे. हे टाळले की पहिल्या पावसाळ्यात जोडाशेजारी रंगाखालून पांढरे-तांबूस फोड येतात आणि दोष रंगवाल्यावर जातो. नवा गॅल्व्हनाइज्ड पत्रा साधा ऑइलपेंट धरत नाही, म्हणून आधी एच प्रायमरचा, म्हणजे जस्ताला धरून राहणाऱ्या अस्तराचा, हात हवा.

अशा डाग दिलेल्या टाकीत पेट्रोल कधीही भरू नये. कथील-शिशाचा डाग १९० अंशांच्या आसपास वितळतो आणि इंजिनच्या थरथरीने त्याआधीच चिरतो.

टाकी फ्रेमला पट्ट्यांनी आवळायची: २० मिमी रुंद, २ मिमी जाड लोखंडी पट्टीचे दोन कडे, आतून चामडे किंवा ट्यूबचे रबर. रबर नसेल तर महिन्याभरात रंग खरवडून गंज बसतो. वेल्डिंग का नको? सायकलची नळी पातळ असते, विशेषतः मधल्या भागात. टाक्याच्या कडेला ती तापून ठिसूळ होते आणि पुढे नेमकी तिथेच चीर धरते. भोकाचेही तसेच, खड्ड्यात चाक आदळले की सारा ताण भोकाच्या काठावर येतो. कड्याने बसवलेली टाकी दोन नट काढून घरात नेता येते, हा फायदा वेगळाच. बॅटरी घरात चार्ज होते, उन्हात उभी राहत नाही, आणि कृष्णामाई वाढली तर आधी वरच्या मजल्यावर जाते. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर तापलेली असताना चार्ज करू नये. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या काळ्या टाकीच्या आत हा आकडा सहज ओलांडला जातो.

टाकीच्या आत पत्र्याला लागून लेदरॉइड, म्हणजे वीज न वाहणारा जाड कागद, लावावा. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळतो. पत्र्याची धार वायरीचे आवरण हळूहळू खाते आणि शॉर्ट होते, म्हणून वायर जिथून बाहेर पडते तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या काठाला बसणारी रबरी कडी, हवीच. २० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या तोंडाशीच लावावा. तो मोटारीची वीज सांभाळणाऱ्या कंट्रोलरजवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरीला फ्यूजचे संरक्षण राहत नाही. तळाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात ६ मिमीचे एक भोक पाणी निघायला ठेवावे. टाकीला भोक चालते, फ्रेमला नाही.

चामड्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत, त्यांत सांगली आणि साताराही आहेत. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेले तेच चामडे हँडलच्या मुठींना लागते. ओले केले की ते आकार घेते आणि वाळल्यावर तो धरून ठेवते. क्रोमचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेले, चामडे मऊ, स्वस्त आणि रंगीत असते, पण आकार धरत नाही. कापलेली कड पाहावी: आरपार तपकिरी असेल तर सालीचे, आत निळसर-राखाडी झाक असेल तर क्रोमचे.

हँडलची नळी २२ मिमीची असते. २ मिमी जाड चामडे तिच्याभोवती गुंडाळले तर मध्यावर घेर साधारण ७६ मिमी भरतो. पट्टी मात्र ७२ मिमीच कापावी, म्हणजे ओली ताणून शिवताना कडा एकमेकींना भिडतात आणि मूठ फिरत नाही. ७६ मिमीचीच कापली तर ती वाळल्यावर सैल होते आणि ब्रेक दाबताना हातात घरंगळते, हे धोक्याचे. कडेपासून ४ मिमीवर, ४ मिमी अंतराने आरीने टोचे पाडावेत. दोन्ही कडांचे टोचे मोजून सारखे हवेत. मेण ओढलेल्या धाग्याने दोन सुयांची शिवण घालावी आणि ती तळहाताखाली न येता खालच्या अंगाला येईल असे पाहावे. भिजवायला साधे पाणीच घ्यावे. कढत पाण्याने चामडे आक्रसते आणि कडक होऊन तडकते. उघड्या लोखंडावर ओले चामडे चढवले तर लोखंड आणि साल यांचा संयोग होऊन काळे डाग उठतात, म्हणून नळीला आधी कापडी टेप किंवा वॉर्निशचा हात द्यावा. तेल बेताने, मेण आणि तेल एकत्र करून वर्षातून दोनदा पुरे. सीटला तेल पाजत राहिले की ते झोळीसारखे खाली बसते.

लाकडाचे काम थोडे असते: टाकीच्या बाजूची पट्टी, मागच्या कॅरिअरच्या फळ्या. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले तून लाकूड आणि तिथले चपड्याचे पॉलिश पाहून मोह होतो, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला मानांकन मिळाल्यावर तर अधिकच. लाकूड जरूर घ्यावे, पॉलिश घेऊ नये. चपडा लाख पाण्याने पांढरी पडते आणि उन्हात मऊ होते. तंबोरा ना पावसात उभा राहतो ना उन्हात. सायकलला जवसाचे उकळलेले तेल तीन हात, किंवा पॉलियुरेथेन. तेल पुसलेली चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून टाकावी.

रंगाच्या रेघा उसाच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरइतक्या सफाईने कुणी ओढत नाही, तेव्हा स्टिकरच्या नादी लागू नये. ३ मिमीची एक रेघ आणि तिच्या आत केसासारखी दुसरी, एवढेच शोभते. मूळ रंग सिंथेटिक एनॅमलचा असेल तर त्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारू नये, खालचा रंग सुरकुततो.

दिव्याची व मडगार्डची पकड पितळेची करायचा हट्ट असतो. पितळ वाकवताना आणि नंतर थरथरीने कडक होत जाते आणि आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यातून तुटते. म्हणून ३ मिमी लोखंडी पट्टी, कोपरा किमान जाडीइतक्या गोलाईचा, आणि वरून पितळेचा पातळ पत्रा. मडगार्डची तार सैल होऊन पुढच्या चाकात गेली तर चाक जागीच थांबते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो, तेव्हा तिथे ५ मिमी बोल्टला नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने न सुटणारे नटच हवेत. तसेच मोटारीचा आस फ्रेमच्या खाचेत फिरू नये म्हणून टॉर्क आर्म म्हणतात ती ५ मिमी जाड पट्टी हवी. तिची खाच आसाच्या सपाट बाजूंना घट्ट बसली पाहिजे. हाताने हलली तर ती असून नसल्यासारखी. पहिल्या ५० किलोमीटरनंतर हे सगळे नट एकदा आवळावेत.

राहिली हँडलखालची पितळी पाटी. ती १ मिमी पत्र्याची घेऊन सपाट असतानाच भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडून कोरून घ्यावी आणि मगच नळीच्या गोलाईवर वाकवावी. वाकवलेल्या पत्र्यावर सुई घसरते. रिव्हेटने ठोकू नये, दुहेरी चिकट फोम टेप पुरते. खालचा रंग आणि पाटीची मागची बाजू आधी स्पिरिटने पुसून घ्यावी.

आपले,
सायकल व पत्राकाम करणारे काही कारागीर,
सांगली-मिरज