ताप आला की मनानेच स्टेरॉइड वाढवू नका

संपादक महोदय,

संधिवात किंवा ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) पेशंटला ताप आला की घरचे म्हणतात आजार उसळला असेल आणि स्टेरॉइडची गोळी मनानेच वाढवतात, हे फार धोक्याचं आहे (मनाने बंद करणंही तेवढंच). ताप आजाराचा असेल, इन्फेक्शनचा असेल, कधी औषधाचाही, वरून सगळं सारखंच दिसतं. ल्युपस उसळला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि कॉम्प्लिमेंट (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिनं) बहुतेकदा कमी होतात पण सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) सहसा फार चढत नाही, तो खूप चढला तर आधी इन्फेक्शन शोधायला हवं. पण टॉसिलिझुमॅब (संधिवाताचं एक इंजेक्शन) चालू असेल तर इन्फेक्शन असूनही सीआरपी नॉर्मल येऊ शकतो, म्हणून कुठली इंजेक्शनं चालू आहेत ते डॉक्टरांना पहिलं सांगा. अँटी-टीएनएफ औषधं (संधिवातात सूज दाबणारी) चालू असताना शरीरात दबलेला टीबी उठू शकतो, आणि बऱ्याचदा फुप्फुसाबाहेर, त्यामुळे खोकला नसूही शकतो. रोज संध्याकाळी ताप, घसादुखी आणि तापाबरोबर येऊन जाणारे गुलाबी चट्टे असतील तर स्टिल्स डिसीज (ताप आणि सांधेदुखीचा एक दुर्मिळ आजार) असू शकतो, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन, रक्तात तपासतात) बघायलाच हवं. ते हजारोंत गेलं आणि प्लेटलेट्स पडायला लागल्या तर त्याच दिवशी अ‍ॅडमिट व्हा. आणि ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) शक्यतो अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधीच घ्यायला सांगा.

एक वाचक